हेडलाइट मंद वाटतात? बल्ब सगळ्यात शेवटी बदला

मुंबईत रात्री गाडी चालवताना आपले हेडलाइट किती कमजोर झालेत हे कळतच नाही. हायवेवर खांबांचाच इतका उजेड असतो की लाइट लावायचे राहिले तरी दोन सिग्नल उलटेपर्यंत लक्षात येत नाही. कळतं ते गोवा हायवेवर, पेणच्या पुढे. एकदा गणपतीला गावी जाताना वडखळ मागे पडल्यावर शेजारच्या सीटवरून आईने विचारलं, "लाइट लावलेयस ना रे?" लावलेले होते. तरी पुढचा रस्ता जेमतेम दोन-तीन गाड्यांच्या अंतरापर्यंतच दिसत होता. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपतं.

परत आल्यावर मी महागडे बल्ब आणून बसवले. काडीचा फरक पडला नाही, कारण दोष गंजलेल्या अर्थिंगमध्ये होता, म्हणजे दिव्याची वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात तिथे. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो: आधी काच, मग लेव्हल, मग व्होल्टेज आणि सगळ्यात शेवटी बल्ब.

काच

हल्लीच्या हेडलाइटची काच ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं संरक्षक कोटिंग झिजतं आणि काच पिवळी, धुरकट होते. (पद्मिनी टॅक्सीच्या गोल हेडलाइटना खरी काच होती, ती अशी पिवळी पडत नसे.) वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये निम्मा दोष इथेच सापडतो.

काच साबणाच्या पाण्याने धुवा, आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेने घासा. पाणी सतत ओतत राहा. त्यानंतर १५०० आणि २००० नंबर, दर वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. काच दुधी दिसायला लागली तर घाबरू नका, शेवटी पॉलिशिंग कंपाउंडने ती पारदर्शक होते. मात्र त्यावर यूव्ही क्लिअर कोट किंवा फिल्म लावलीच पाहिजे, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. टूथपेस्टने घासल्यावर दिसणारी चमकही अशीच थोड्या दिवसांची.

धुरकटपणा आतून असेल किंवा रिफ्लेक्टरची चांदी उडालेली असेल, तर घासण्यात वेळ घालवू नका. तिथे पूर्ण हेडलाइट बदलणं हाच उपाय.

लेव्हल

कधी उजेड पुरेसा असतो, पण तो एकतर बंपरसमोर पडतो किंवा झाडांच्या शेंड्यांवर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जमीन आणि समोर भिंत शोधा. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, डिकी रिकामी करा, ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला तरी बसवा. डॅशबोर्डवर लेव्हलचं चाक असेल तर ते ० वर ठेवा.

गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंसमोर भिंतीवर टेपच्या खुणा करा. आता गाडी सरळ ५ मीटर मागे घ्या आणि लो बीम लावा. उजेडाची वरची कड त्या खुणांच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. म्हणजे उतार १ टक्का. अनेक गाड्यांत हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर हा आकडा छापलेला असतो, असला तर तोच धरा. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे कडेचा डावा भाग वर चढलेला दिसतो. तो तसाच असायला हवा. फरक असेल तर हेडलाइटच्या मागचा ॲडजस्टिंग स्क्रू थोडा थोडा फिरवून नीट करा.

व्होल्टेज

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि पैसे इथेच वाया जातात. हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो: व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मुंबईतल्या गाड्यांचे कपलर (वायर जोडणारे प्लग) आणि अर्थिंगचे नट हळूहळू गंजवत राहतात. वरून काहीच दिसत नाही.

लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन सुरू करा, लाइट लावा आणि आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १३.५ ते १४.५ व्होल्ट ठीक. कमी असेल किंवा रेस दिल्यावर लाइट एकदम उजळत असतील, तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करतो तो), त्याचा बेल्ट आणि बॅटरी तपासून घ्या.

मग बल्बच्या होल्डरमागे, बल्ब पेटलेला असतानाच, पेटलेल्या बीमची पिन आणि अर्थिंगची पिन यांच्यामध्ये मोजा. बॅटरीच्या आकड्यापेक्षा अर्धा व्होल्ट कमी चालेल. एक व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायरिंगमध्ये दोष आहे. माझ्या गाडीत बॅटरीला १३.८ आणि बल्बवर १२.४ होते, म्हणजे जवळपास एक तृतीयांश उजेड वाटेतच जात होता. बॉडीला जोडलेला अर्थिंगचा नट काढला, खालचा पत्रा घासून साफ केला, पुन्हा घट्ट आवळला आणि वर ग्रीस लावलं. बस, एवढंच काम होतं.

जुन्या गाड्यांत बल्बचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो. तिथे वायरमनकडून रिले बसवून घ्या, म्हणजे बल्बला करंट थेट बॅटरीतून देणारा छोटा विद्युत स्विच. बॅटरीपासून जाड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज, यात तडजोड नको. नव्या गाड्यांत लाइट कॉम्प्युटर सांभाळतो, त्यांची वायर कापू नका.

बल्ब

सगळं करूनही उजेड कमी असेल तरच बल्ब. जुन्या बल्बची काच आतून काळवंडलेली असते. दोन्ही एकदम बदला, मूळ वॅटचेच घ्या: एच-४ प्रकारचा बल्ब असेल तर ६०/५५ वॅट. ते थंड असताना बदला आणि काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे तापून बल्ब लवकर जातो.

१००/९० चे बल्ब घेऊ नका, त्यांनी होल्डर वितळतात आणि रिफ्लेक्टर जळतो. निळसर बल्ब छान दिसतात, पण निळा थर उजेडच अडवतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी किट घालण्याबद्दल माझं मत ठाम आहे: नको. उजेड फोकस होत नाही आणि समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. समोरच्याला आंधळं करून आपल्याला दिसलं, तर अपघात आपल्याच गाडीवर येऊ शकतो. गाडीला मुळातच झेनॉन दिवे असतील तर ते उघडूच नका, त्यात हजारो व्होल्ट असतात.

निघण्याआधी समोरची काच आतूनही पुसा. तिच्यावरच्या तेलकट थरावर समोरच्या गाडीचा उजेड पसरतो. आणि मागे तिघं जण, डिकीत गणपतीचं सगळं सामान असेल, तर गाडीचं नाक वर उठतं. अशा वेळी लेव्हलचं चाक ० वरून २ किंवा ३ वर फिरवा. सामान उतरलं की परत ०.