एटीएमचा पिन: या चुका टाळा

बँकेच्या शाखेत मी अनेक वर्षे कार्डांचे काम पाहिले आहे, आणि पैसे गेल्यावर येणारा जवळजवळ प्रत्येक खातेदार "पिन मी कुणालाच सांगितला नव्हता" असे म्हणतो. ते खरेच असते. पिन सांगितलेला नसतो, कुणीतरी पाहिलेला असतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे एटीएममध्ये अनोळखी माणसाची मदत घेणे. एक निवृत्त शिक्षिका पेन्शन काढायला गेल्या असता यंत्राने कार्ड घेतले नाही, तेव्हा मागच्या तरुणाने "काकू, द्या इकडे" म्हणत कार्ड हाती घेतले, त्या पिन दाबत असताना तो बाजूलाच उभा राहिला आणि "मशीन बंद दिसतंय" असे सांगून त्याने कार्ड परत केले. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक जुना असल्याने पैसे निघाल्याचे संदेश त्यांना मिळाले नाहीत. चार दिवसांनी पासबुक भरताना चाळीस हजार गेल्याचे कळले. मी त्यांचे कार्ड हातात घेतले. रंग तोच, बँक तीच, पण त्यावर नाव कुणा पुरुषाचे होते. तेव्हापासून कार्ड कुणाच्याही हातून परत आले, की पाकिटात ठेवण्यापूर्वी मी त्यावरचे नाव वाचतो.

दुसरी चूक घाईची. तरुण मंडळी एका हातात फोन धरून उघड्यावर पिन दाबतात आणि "आता चिपचे कार्ड आहे" असे मलाच समजावतात. चिपची नक्कल करणे अवघड आहे हे खरे, परंतु मागची काळी पट्टी अजूनही बहुतेक कार्डांवर असते. यंत्राच्या तोंडाशी चोरांनी बसवलेले स्किमर नावाचे छोटे उपकरण ती पट्टी वाचते आणि वर लपवलेला कॅमेरा पिन टिपतो. डाव्या तळव्याने कीपॅड झाकला, तर कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. यासाठी एक क्षणही पुरतो, तरी लोक तेवढेही करत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जन्मसाल पिन म्हणून ठेवू नये. कार्डाच्या पाकिटावर तो लिहू नये. हॉटेलात वेटरला तोंडी सांगू नये. कार्डाचे यंत्र टेबलाशी मागवावे.

संशय येताच आधी कार्ड बंद करावे, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर निघालेल्या रकमेची जबाबदारी बँकेवर येते. त्यामुळे घरच्यांशी चर्चा नंतर करावी आणि तक्रारीचा क्रमांक त्याच वेळी लिहून ठेवावा.