फॉस्फरवर पीएच.डी. करताय? आधी चिपचा प्रकाश बघा

फॉस्फरवर, म्हणजे एक प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या पावडरवर, काम करायचंय म्हणून विचारायला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी एकच विचारतो: तुमची पावडर नेमक्या कुठल्या प्रकाशावर चमकायला हवी? बहुतेक जण सांगतात, यूव्ही लॅम्पखाली छान लाल दिसते. प्रयोगशाळेतला तो लॅम्प बहुधा २५४ नॅनोमीटरचा असतो. ती पाऱ्याची रेषा, म्हणजे ट्यूबलाइट आणि सीएफएलची. युरोपियम घातलेलं यिट्रियम ऑक्साइड तिच्यावर झकास लाल प्रकाश देतं आणि ट्यूबमध्ये ते वापरलंही गेलं. पण एलईडीत पारा नसतो. तिथली चिप ४५०च्या आसपास निळा किंवा ३६५ ते ४००च्या पट्ट्यात प्रकाश देते. तिथे युरोपियमच्या हाती मुख्यतः ३९४ आणि ४६५च्या बारीक, अशक्त शोषणरेषाच उरतात. म्हणून विषय ठरवताना एक्सायटेशन स्पेक्ट्रम (पावडर कुठल्या तरंगलांबीच्या प्रकाशावर चमकते याचा आलेख) आधी, रंग नंतर.

नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर सिरियम घातलेल्या यिट्रियम अॅल्युमिनियम गार्नेटचा पिवळा थर असतो. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. या पांढऱ्यात लाल कमी पडतो, त्यामुळे त्या उजेडात टोमॅटो आणि माणसाचे चेहरे फिके वाटतात. मँगनीज घातलेलं पोटॅशियम फ्लुओसिलिकेट ६३० च्या आसपास लाल देतं, पण ओलाव्यात टिकवणं अवघड. इथे अजून खूप काम बाकी आहे. नुसता होस्ट, म्हणजे मूळ पदार्थ, बदलून त्यात तोच युरोपियम घालणारे पेपर आधीच ढिगाने आहेत. त्यात आणखी एकाची भर घालू नका.

पावडर बनवायला सुरुवातीला कंबशन (ज्वलन) पद्धत बरी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्सले आणि पाटील यांनी १९८८ मध्ये ती अॅल्युमिनेटसाठी दाखवली. नायट्रेट आणि युरियाचं द्रावण ५०० अंशाला तापवलेल्या मफल फर्नेसमध्ये ठेवलं की काही मिनिटांत फसफसून पेट घेतं. तपकिरी वायू सुटतो, त्यामुळे फ्युम हूडशिवाय (वायू ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय) हे करायचंच नाही. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नायट्रेट बाटली उघडताच पाणी ओढतात आणि वजन खोटं येतं. त्यापेक्षा ऑक्साइड भट्टीत तापवून, गार झाल्यावर वजन करून गरम नायट्रिक आम्लात विरघळवा. डोपंट, म्हणजे होस्टमध्ये मिसळलेला युरोपियमसारखा घटक, एक-दोन टक्केच असतो, त्यामुळे वजनात थोडं जरी इकडेतिकडे झालं तर कॉन्सन्ट्रेशन क्वेंचिंगचा (डोपंट जास्त झाल्यावर चमक घटण्याचा) सगळा आलेखच भरकटतो.

पीएल (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे नमुन्याच्या चमकेचं मोजमाप) घेताना २५४ वर एक्साइट केलं तर ५०८ला टोकदार शिखर दिसतं. ते नमुन्याचं नव्हे, उपकरणात प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या ग्रेटिंगच्या दुसऱ्या ऑर्डरचं, म्हणजे २५४ चंच दुपटीवर दिसणारं. योग्य फिल्टर लावा, ते जातं. लॅम्पकडे मात्र यूव्ही अडवणाऱ्या चष्म्याशिवाय पाहू नका.

प्रवेश घेण्याआधी गाइडना विचारा: नमुना १५० अंशांपर्यंत तापवून पीएल घेता येतं का? चालू एलईडीत चिपलगतचा फॉस्फर एवढा तापू शकतो आणि गार असताना चमकणारी पावडर तिथे मंदावते. तापमानानुसार चमक कशी घटते हा आलेख नसेल तर दिव्यासाठी उपयोगी म्हणण्याला आधार राहत नाही. हीटिंग स्टेज (नमुना तापवणारं उपकरण) महाग पडत असेल तर नमुना दाबून धरणारा साधा ब्लॉक कोल्हापुरातल्या उद्यमनगरात लेथवर करून मिळतो. ड्रॉइंग मात्र मिलिमीटरमध्ये नीट काढून न्या. एक्सआरडीसारख्या (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणाऱ्या) मोजमापांसाठी शिवाजी विद्यापीठात सैफ हे उपकरण केंद्र आहेच. क्वांटम यील्डला (शोषलेल्या प्रकाशापैकी किती परत मिळतो ते मोजायला) इंटिग्रेटिंग स्फिअर, म्हणजे सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल, लागतो. तो कुठे आणि कधी मिळेल हे पहिल्याच वर्षी ठरवून ठेवा.