राष्ट्रपतींचा परदेश दौरा आखायचा कसा, तारखेपासून तोशाखान्यापर्यंत

समजा तुम्ही परराष्ट्र खात्याच्या प्रोटोकॉल डिव्हिजनला आहात आणि साहेबांनी फाईल टेबलावर टाकली, राष्ट्रपती चार दिवसांत दोन देश करणार आहेत, लागा कामाला. सुरुवात कुठून कराल? बरेच जण आधी भाषणं, भेटीगाठी, मेजवानीचा मेनू यांच्या मागे लागतील. ते होतं हो, अर्धंअधिक तर यजमान देशच करून देतो. दौऱ्याची वाट लागते ती दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात, गाडीत बसताना, लिफ्टसमोर, विमानात सामान चढताना. त्यामुळे आखायचा असतो तो हा मधला वेळ.

नुसत्या गप्पा नकोत म्हणून एक खरा दौरा समोर ठेवू. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ७ ते १० एप्रिल २०२५ पोर्तुगाल आणि स्लोव्हाकियाला गेल्या होत्या. पोर्तुगालला आपले राष्ट्रपती २७ वर्षांनी गेले, आधी १९९८ ला के. आर. नारायणन गेले होते. गोव्याच्या प्रश्नावरून तुटलेले संबंध १९७५ मध्ये पुन्हा जुळले, त्याला २०२५ मध्ये ५० वर्षं झाली, म्हणजे निमित्तही आयतंच होतं.

तारीख

तारीख ठरवताना आधी आपलं कॅलेंडर बघा. राष्ट्रपतींना २६ जानेवारी सोडता येत नाही, वर्षातल्या पहिल्या अधिवेशनाचं अभिभाषण सोडता येत नाही, त्यामुळे जानेवारीची अखेर गेलीच म्हणून समजा. १४ ऑगस्टच्या संध्याकाळी देशाला उद्देशून भाषण असतं, त्याच्या आजूबाजूलाही काही लावू नका. मग यजमान देशाचं बघा, त्यांच्या सुट्ट्या, सण, निवडणुका. आणि इतकं बघूनही गोची होतेच. पोर्तुगालमध्ये ११ मार्च २०२५ ला सरकारने विश्वासदर्शक ठराव गमावला, १८ मे ला निवडणुका लागल्या, आणि आपला दौरा ऐन मध्ये एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात! पण राष्ट्रप्रमुखाच्या दौऱ्याचा हाच फायदा असतो, निमंत्रण राष्ट्रपतींकडून राष्ट्रपतींना असतं, ते खुर्चीवर आहेत तोवर सोहळा जागचा हलत नाही. माझं मत विचाराल तर अशा वेळी करारांची यादी आखूड करायची, तारखेला हात लावायचा नाही, कारण एकदा तारीख हलली की विमान, हॉटेल, पुढचा देश, सगळंच हलतं.

त्याच बैठकीत दौऱ्याचा दर्जा पण लिहून घ्या, स्टेट व्हिजिट (पूर्ण सरकारी मानाचा), ऑफिशियल व्हिजिट (त्याखालचा, अधिकृत) की वर्किंग व्हिजिट (फक्त कामापुरता). नुसतं नाव वाटतं, पण सलामी, मेजवानी, संसदेतली भेट, कोण घ्यायला येणार हे सगळं त्यावर अवलंबून असतं.

घड्याळाचा घोळ

हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढलाय कारण यात भलेभले फसतात. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, २०२५ ला तो रविवार ३० मार्च होता आणि दौरा ७ एप्रिलला. म्हणजे फेब्रुवारीत बसून कोणी दौऱ्याच्या वेळांचा तक्ता केला असेल आणि पोर्तुगालची राजधानी लिस्बन आपल्या साडेपाच तास मागे म्हणून आकडे टाकले असतील तर सगळा तक्ता एका तासाने चुकणार, कारण एप्रिलमध्ये लिस्बन साडेचार तास मागे आणि स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा साडेतीन. शिवाय लिस्बनहून ब्रातिस्लाव्हाला जाताना आणखी एक तास जातो तो वेगळाच. म्हणून तक्त्यात दोन रकाने ठेवा, स्थानिक वेळ आणि भारतीय वेळ, आणि प्रत्येक पानावर ठेवा, कारण लोक फक्त आपल्या कामाचं पान फाडून खिशात टाकतात.

ॲडव्हान्स टीम

आता तिकडे माणसं पाठवा. राष्ट्रपती असतील तर राष्ट्रपती भवनातले मिलिटरी सेक्रेटरींकडचे लोक, सुरक्षावाले, प्रोटोकॉलवाले, मीडियाचं कोणीतरी, पंतप्रधान असतील तर एसपीजी, म्हणजे त्यांच्या सुरक्षेचं खास पथक, आलीच. तिथल्या दूतावासाला सोबत घेऊन प्रत्येक जागा पायाने मोजायची. फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. किती पायऱ्या आहेत, लिफ्टमध्ये किती माणसं मावतात, लिफ्ट बंद पडली तर जिना कुठे, राष्ट्रपतींना थोडा वेळ बसायला खोली आहे का, टॉयलेट कुठे, गाडी दारापर्यंत येते का. जिल्ह्यात व्हीआयपी दौऱ्याची ड्युटी केलेल्यांना हे पाठच असेल, फरक इतकाच की इथे पोलीस आपले नाहीत, भाषा आपली नाही आणि प्रत्येक गोष्ट मागून घ्यावी लागते. सुरक्षारक्षकांच्या शस्त्रांची परवानगी, वॉकीटॉकीच्या फ्रिक्वेन्सी, हे सगळं आधी यादी देऊन मंजूर करून घ्यायचं, विमानतळावर उतरून हुज्जत घालायची नाही.

ब्रातिस्लाव्हासारखं छोटं शहर असेल तर दूतावासात माणसंही मोजकीच असतात, मग आजूबाजूच्या दूतावासांतून आठवडाभरासाठी हात मागवायचे. इथे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना रस्त्याने तासाभरावर आहे, माणसांसाठी पण चांगलं आणि हवामान बिघडलं तर पर्यायी विमानतळ म्हणून पण. हा पर्याय नुसता मनात ठेवू नका, कागदावर हवा, आणि दुसऱ्या देशातला विमानतळ म्हणजे त्या देशाची परवानगीही आधीच हातात हवी.

विमान

आपल्याकडे २०२० पासून दोन बोईंग ७७७ आहेत, हवाई दलाचे पायलट चालवतात, एक मुख्य, दुसरं स्टँडबाय. त्याआधी एअर इंडियाची जम्बो वापरायचे. दिल्लीहून निघताना पालम हवाई तळाच्या टेक्निकल एरियातून. मोठं विमान असलं की भारी वाटतं, पण आधी समोरची धावपट्टी बघा. आग्नेय आशियातल्या तिमोर-लेस्ते देशाची राजधानी दिली, तिथल्या विमानतळाची धावपट्टी साधारण १८५० मीटर, तिथे ७७७ चा विचारच सोडा. भूतानच्या पारोला तर डोंगरांतून वळत उतरावं लागतं, तेही उजेडात आणि हवा साफ असेल तरच, मार्च २०२४ मध्ये पंतप्रधानांचा भूतान दौरा खराब हवामानामुळे ऐनवेळी पुढे ढकलावा लागला होता. अशा ठिकाणी तक्त्यात एक दिवस ढिला ठेवायचा, दुसरा इलाज नाही.

मग वाटेतल्या देशांची आकाशं. प्रत्येक देशाकडून परवानगी लागते आणि ती कोणी नाकारूही शकतं. सप्टेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती कोविंद आइसलँडला निघाले होते तेव्हा पाकिस्तानने आपल्या हद्दीतून जाऊ द्यायला नकार दिला. त्याहून वाईट २०१३ मध्ये झालं, बोलिव्हियाचे अध्यक्ष इव्हो मोरालेस मॉस्कोहून घरी निघालेले, वाटेत देशांनी आकाश बंद केलं आणि विमान व्हिएन्नाला उतरवावं लागलं. म्हणून फ्लाइट प्लॅन दोन करा, आणि दुसरा, लांबचा रस्ता धरूनच पोचण्याची वेळ लिहा. लवकर पोचलात तर विमानात थोडा वेळ थांबता येतं, उशिरा पोचलात तर तिकडे सलामीची तुकडी उन्हात उभी असते.

बिघाडाचं तर विचारूच नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये अँगेला मर्केल जी-२० साठी ब्युनोस आयर्सला निघाल्या, सरकारी विमान बिघडलं, कोलोनला उतरलं, आणि जर्मनीच्या चान्सेलर माद्रिदहून साध्या प्रवासी विमानाने गेल्या, परिषदेची सुरुवात चुकली ती चुकलीच. २०२३ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो दिल्लीत असेच अडकले. त्यामुळे स्टँडबाय विमान कुठे उभं राहणार, तिथून किती तासांत येणार, हा आकडा तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. आणि सपोर्टच्या विमानात कोण काय चढवतंय यावरही लक्ष ठेवा, २०१९ मध्ये ब्राझीलच्या अध्यक्षांच्या दौऱ्याच्या पुढच्या विमानातला एक सार्जंट स्पेनमधल्या सेव्हियाला ३९ किलो कोकेनसकट पकडला गेला होता, अख्ख्या जगात शोभा.

मिनिट टू मिनिट

आता खरा मसाला. तक्ता नेहमी शेवटाकडून सुरू करायचा. दौऱ्याचा शेवटचा दिवस घ्या, मुर्मू स्लोव्हाकियात नित्राला गेल्या होत्या, तिथल्या विद्यापीठात मानद डॉक्टरेट आणि टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना. नित्रा राजधानीपासून साधारण ९० किलोमीटर. वेळा मी माझ्या टाकतोय, पद्धत बघा.

समजा विमान संध्याकाळी ६ ला उडायचंय. ५.४५ ला दरवाजा बंद, ५.३० ला ताफा विमानतळावर, निरोपाला दहा मिनिटं. नित्राहून ताफ्याला एक तास, वर दहा मिनिटं राखीव, म्हणजे ४.२० ला कारखान्यातून निघायलाच हवं. कारखाना फिरायला पाऊण तास, ग्रुप फोटोला पंधरा मिनिटं (फोटोला पाच मिनिटं लिहिणाऱ्याने आयुष्यात ग्रुप फोटो काढलेला नसतो), म्हणजे ३.२० ला आत पाऊल. विद्यापीठातून तिथवर वीस मिनिटं आणि गाड्यांत बसायला पाच, म्हणजे २.५५ ला जेवणावरून उठायचं. जेवण तासभर, त्याआधी पदवीदान तासभर, त्याआधी गाऊन घालायला आणि स्थिरस्थावर व्हायला वीस मिनिटं, म्हणजे १२.३५ ला विद्यापीठाच्या दारात, आणि हॉटेलमधून ११.२५ ला बाहेर. आता उलटं वाचून बघा, कुठे श्वास घ्यायला जागा आहे? नसेल तर एक कार्यक्रम कापा. वेळ आखडून कार्यक्रम बसवू नका, कापा.

याच तक्त्यात बारीकसारीक गोष्टी घालाव्या लागतात. जन गण मन ५२ सेकंदांचं, यजमानांचं राष्ट्रगीत किती ते मोजून घ्या. गाऊनचं माप आधी कळवा, तो साडीवर घालायचाय हे पण कळवा. कारखान्यात सेफ्टी चष्मे, बूट यांचे नियम असतील तर राष्ट्रपतींना सूट आहे का ते आधी विचारा. स्लोव्हाकियात पाहुण्यांचं स्वागत ब्रेड आणि मीठ देऊन करतात, तुकडा तोडायचा, मिठाला लावायचा, खायचा, हे आदल्या रात्री सांगून ठेवा म्हणजे कॅमेऱ्यांसमोर प्रश्नार्थक चेहरा होत नाही.

ताफा

ताफ्याचा एकच नियम, मुख्य गाडी हलली की सगळं हललं, कोणासाठी थांबणार नाही. म्हणून बाकी मंडळींनी दहा मिनिटं आधी गाडीत बसलेलं असायला हवं. प्रत्येक गाडीला नंबर, प्रत्येकाला आपला नंबर पाठ, आणि गाडी क्रमांक अमुकमध्ये कोण कोण याचा कागद ड्रायव्हरकडे पण. राष्ट्रपतींसोबत राज्यमंत्री असतात, खासदार असतात, अधिकारी असतात, आणि लग्नातल्या मानपानासारखं कोण कोणाच्या पुढच्या गाडीत यावरून रुसवेफुगवे होतात, त्यामुळे क्रम वरून सही करून आणा, मग तुमच्याशी कोणी भांडत नाही. डॉक्टरांची गाडी मात्र मानाने ठरत नाही, ती जवळच पाहिजे. ठरवलेलं हॉस्पिटल, तिथवरचा रस्ता, रक्तगट, सगळं तयार. पंतप्रधान शास्त्रीजी १९६६ ला ताश्कंदच्या दौऱ्यातच वारले, तेव्हापासून हा विषय कोणी हलक्यात घेत नाही. आणि सगळी मोठी माणसं एकाच विमानात भरू नका, पोलंडने २०१० मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कच्या विमान अपघातात राष्ट्राध्यक्षांसकट ९६ माणसं गमावली, त्यात लष्कराचे प्रमुख पण होते.

झालंच तर रंगीत तालीम. ताफा रिकामा पळवायचा, त्याच वेळी, त्याच वारी, म्हणजे ट्रॅफिक खरं कळतं. स्टेजवर जाऊन झेंडे स्वतः बघायचे, हिरवा खाली आहे ना ते बघायचं. हसू नका, २०१५ मध्ये क्वालालंपूरला मोदी आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंजो आबे यांच्या फोटोत तिरंगा उलटा लागला होता.

सामान आणि नंतरचं

शहर सोडायच्या दिवशी बॅगा पहाटेच खोलीबाहेर ठेवायला सांगतात, तपासणी होऊन त्या माणसांच्या आधी विमानावर जातात. इथे दर दौऱ्याला कोणीतरी अंगावरचे कपडे सोडून सगळं बॅगेत भरतो, पासपोर्टसकट. त्यामुळे सगळ्यांचे पासपोर्ट उतरल्या उतरल्या एका अधिकाऱ्याकडे जमा करा आणि विमानात परत द्या.

परत आल्यावर संपलं असं नाही. मिळालेल्या भेटवस्तूंची यादी करून त्या परराष्ट्र खात्याच्या तोशाखान्यात, म्हणजे सरकारी भेटवस्तूंच्या भांडारात, जमा करायच्या, यादी विमानातच करा, घरी गेल्यावर कुठला चांदीचा पेला कोणी दिला ते कोणाला आठवत नाही. लिस्बनमध्ये महापौरांनी मुर्मूंना शहराची मानाची किल्ली दिली, अशा गोष्टीचा फोटो, दिनांक, देणाऱ्याचं पद तिथल्या तिथे लिहून ठेवा. बिलं दूतावासाकडून लवकरात लवकर मागवा, हॉटेल, भाड्याच्या गाड्या, दुभाषे, सिमकार्डं, सगळी कार्यक्रमवार लावून. कारण माहितीच्या अधिकारात कधी ना कधी प्रश्न येणारच, प्रतिभाताई पाटलांच्या १२ दौऱ्यांचा, २२ देशांचा २०५ कोटींचा हिशेब असाच आरटीआयमधून बाहेर आला होता, आणि त्या आकड्यात मोठा वाटा विमानांचा होता. तुमच्या फाईलमध्ये विमानाचा खर्च, मुक्कामाचा खर्च आणि गाड्यांचा खर्च वेगळा लावलेला असेल तर उत्तर एका दुपारी जातं, नाहीतर महिनाभर खालपासून वरपर्यंत फोन करत बसाल.