एफवायला विषय निवडताना डोकं कुठे लावायचं आणि कुठे नाही

बारावीचा निकाल लागतो, ॲडमिशन होते, आणि मग कॉलेजच्या पोर्टलवर तो फॉर्म उघडतो. डीएससी (मुख्य विषय), ओई (दुसऱ्या फॅकल्टीचा विषय), एसईसी (कौशल्य), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा), प्रत्येकापुढे एक ड्रॉपडाऊन आणि खाली सबमिट. घरी विचारावं तर बाबा म्हणणार आमच्या वेळी बीए म्हणजे बीए होतं. बरोबरच आहे त्यांचं, कारण हे एनईपी, म्हणजे नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं प्रकरण स्वायत्त कॉलेजांत 2023-24 ला आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 ला सुरू झालंय, म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या चुलतभावाचा सल्ला पण इथे फारसा कामाचा नाही.

तर पहिली गोष्ट, सगळ्या बॉक्सना सारखं डोकं लावायची गरज नाही. एका सेमिस्टरला साधारण 20 ते 22 क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक) असतात. पुणे विद्यापीठाच्या 2024 च्या पॅटर्नमध्ये बीए-बीएस्सीला त्यातले 12 क्रेडिट तीन मुख्य विषयांचे, प्रत्येकी 4, आणि बाकी सगळे 2-2 चे तुकडे. दुसऱ्या वर्षाला जाताना या तिघांतलाच एक मेजर (पदवीचा मुख्य विषय) होतो, एक मायनर (जोडविषय) आणि तिसरा सुटतो. म्हणजे जो विषय पहिल्या वर्षी घेतलाच नाही तो नंतर मेजर म्हणून मिळणं जवळपास अशक्य, विचार करायचा तो इथे. मुंबई, कोल्हापूर, नागपूर, प्रत्येक विद्यापीठाची मांडणी थोडी वेगळी आहे, म्हणून आपल्या विद्यापीठाच्या साईटवरून यंदाच्या क्रेडिट स्ट्रक्चरची पीडीएफ काढा, व्हॉट्सॲपवर फिरणारं गेल्या वर्षीचं पान नको.

मुख्य विषय निवडताना मागून पुढे या, म्हणजे तीन-चार वर्षांनी काय करायचंय तिथून. इकॉनॉमिक्समध्ये पुढे मास्टर्स करायचं असेल आणि गणिताला रामराम ठोकायचा विचार असेल तर थांबा, आयआयटी जॅम या मास्टर्सच्या प्रवेश परीक्षेच्या इकॉनॉमिक्सच्या पेपरमध्ये मॅथ्स आणि स्टॅट्स दोन्ही येतात, कॉलेजला इकोबरोबर स्टॅट्सचं कॉम्बिनेशन असेल तर घेऊन टाका. फिजिक्स मेजर करायचंय तर बरोबर मॅथ्स हवंच, नाहीतर एसवायला डिफरेन्शियल इक्वेशन समोर आली की इक्वेशन समजून घेण्यातच जीव जातो, फिजिक्स राहतं बाजूला. शाळेत शिकवायचंय त्यांनी बघावं की तिघांतला निदान एक तरी विषय शाळेत शिकवला जातो, इतिहास, भूगोल, मराठी वगैरे, म्हणजे बी.एड.ला मेथड (कुठला विषय शिकवायला शिकायचं ते) निवडताना अडत नाही. यूपीएससी डोक्यात असेल तर ऑप्शनलचे, म्हणजे आपण निवडलेल्या विषयाचे दोन पेपर मिळून 500 मार्कांचे आहेत, तो विषय कॉलेजातच तीन वर्षं होऊन जात असेल तर चांगलंच. पण फक्त यूपीएससीसाठी न आवडणारा विषय घेऊन बसू नका प्लीज, कंटाळा यायला पहिलं सेमिस्टर पण पुरतं.

काहीच ठरलेलं नाही? चालतंय की. मग तीन विषय असे घ्या ज्यातल्या निदान दोघांवर तुम्ही पुढची दोन वर्षं काढू शकाल. तिसरा मित्रांच्या सोबतीसाठी घेतलात तरी हरकत नाही, तसाही तो सुटणारच आहे.

आता तास मोजा, हे कोणीच करत नाही. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये 15 तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे 30. म्हणजे 2 क्रेडिटची थिअरी आठवड्याला साधारण दोन तास आणि 2 क्रेडिटचं प्रॅक्टिकल चार तास. तिन्ही विषयांना असं 2-2 क्रेडिटचं प्रॅक्टिकल असलं तर फक्त प्रॅक्टिकलचेच आठवड्याला बारा तास झाले, आणि बॅचेस बऱ्याचदा दुपारी असतात. एसटीच्या पासवर गावाकडून येणाऱ्यांनी किंवा दुपारी कुठे काम करणाऱ्यांनी फॉर्म भरायच्या आधी डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावरचं टाइमटेबल बघून यावं. बोर्डावर गेल्या वर्षीचंच असेल, तरी अंदाज येतो.

फीचं पण विचारून घ्या. त्याच कॉलेजात एक विषय ग्रँटेड (सरकारी अनुदानावरचा) आणि दुसरा नॉन-ग्रँट (विनाअनुदानित) असू शकतो, फरक छोटा नसतो, आणि ऑफिसमध्ये विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही.

बाकीचे 2-2 क्रेडिटवाले पटकन उरकू. आयकेएस आणि व्हीईसी बहुतेक कॉलेजच ठरवतं, सोडून द्या. एईसी म्हणजे भाषा, जी बरी येते ती घ्या. एसईसीला जिथे हाताने काहीतरी करायला मिळतं ते बघा, डेटा एन्ट्री-एक्सेल असलं काही असेल तर ते कुठेही उपयोगी पडतं. ओई मात्र दुसऱ्या फॅकल्टीचा घ्यायचा असतो, आर्ट्सवाल्यांनी कॉमर्सचा किंवा सायन्सचा, आणि त्याच्या सीट मर्यादित असतात, फॉर्म उशिरा भरला तर उरलंसुरलं मिळतं. सोप्पा ओई कुठला हे सीनियर्सना जरूर विचारा पण त्याबरोबर हेही विचारा की लेक्चर खरंच होतात का. लेक्चरच होत नसलेला सोप्पा विषय परीक्षेच्या आदल्या रात्री अजिबात सोप्पा राहत नाही.

एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी डिजिलॉकरवरून आधीच काढून ठेवा, तुमचे क्रेडिट जमा होतात ते तिथेच. आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव आणि मार्कशीटवर आडनाव आधी, असा घोळ बऱ्याच जणांचा असतो, स्पेलिंग पण वेगळं निघतं. तो आत्ताच निस्तरा.

आणि विषय चुकलाच तर? कॉलेज सुरू झाल्यावर थोडे दिवस बदलायची मुभा असते, किती ते कॉलेजवर आहे. आधी दोन्ही विषयांच्या लेक्चरला बसून बघा, नवीन विषयाच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटून सीट आहे का विचारा, मग लेखी अर्ज द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर ऑफिसचा शिक्का मारून घ्या. तोंडी 'हो हो करून टाकतो' वर भिस्त ठेवू नका, कारण क्लार्क बदलतात, सुट्टीवर जातात, आणि सिस्टीममध्ये जुनाच विषय राहतो. परीक्षेचा फॉर्म आला की पेपरचं नाव न बघता पेपर कोड जुळवा, एकसारख्या नावाचे दोन-दोन ओई असतात. शिक्का मारलेली ती झेरॉक्स लागली तर तेव्हाच लागते.