बडोद्यात राहून समुद्राचे फोटो काढायचेत? मग आधी तिथी बघा

आमच्या बडोद्याला समुद्र नाही, म्हणून इथला नवा फोटोग्राफर रविवार बघून वलसाडजवळच्या तिथल बीचला जातो, दुपारी बारा वाजता पांढऱ्याफटक आकाशाखाली पन्नास फोटो मारतो आणि घरी येऊन म्हणतो लेन्स बदलायला पाहिजे. लेन्सचं नंतर बघू, कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ एमएमची किट लेन्स भरपूर झाली.

रविवार नका बघू, भरती-ओहोटी बघा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या आठवड्यातल्या सूर्यास्ताला किनारा उघडा असेल तर पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पाणी वर आलेलं असू शकतं. घरातल्या कालनिर्णयवर तिथी असतेच, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास फरक कमी, आणि नेमकी वेळ त्या ठिकाणच्या टाइड टेबलवर, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर. खंभातच्या आखातात तर हे फार जपून, तिथे पाणी प्रचंड वर-खाली होतं, कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं. चिखलात ट्रायपॉड रोवून लांब जाऊ नका, पाणी मागून येतं.

आता कंपोझिशन. नुसता समुद्र आणि आकाश म्हणजे दोन पट्टे, बघणाऱ्याची नजर थांबणार कुठे? पुढे काहीतरी घ्या, ओला दगड, वाळूतला पाण्याचा ओघळ, होडीचा दोर, आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. लेन्स १८ एमएमला, अ‍ॅपर्चर एफ ११ ला ठेवून क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर साधारण दीड मीटरवर फोकस केला की पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. एफ २२ ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, फोटो उलट मऊ होतो. क्षितिज सरळ ठेवा, आणि दगडाचं टोक क्षितिजाला चिकटू देऊ नका, कॅमेरा चार बोटं वर उचलला की मध्ये फट पडते.

मला सगळ्यात आवडतं ते परतणारं पाणी. लाट येताना नाही, फुटून मागे जायला लागली की अर्ध्या सेकंदाचा शटर, फेस दगडाला वळसा घालून रेघा ओढत जातो, त्या रेघा नजरेला आत घेऊन जातात. दोन सेकंद केलं तर त्याच रेघांचं धुकं होतं, काहींना तेच आवडतं, आपल्याला नाही. उजेड जास्त असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, लागतो, ६ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लावला की १/१५ सेकंदाच्या शटरचे ४ सेकंद होतात.

तिथलची वाळू काळी. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो, वाळू राखाडी पडते आणि आकाश पांढरंफटक होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन मायनस पाऊण ते एक स्टॉप ठेवा, रॉ मध्ये काढा, आयएसओ १००, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला लागला नाही ना एवढं बघा.

दर आठवड्याला कोण जाणार एवढं लांब, तेव्हा मधल्या दिवसांत संध्याकाळी बडोद्यातल्याच सूरसागर तलावावर बसा. लाटा नाहीत पण प्रतिबिंब, स्लो शटर, सरळ क्षितिज सगळी प्रॅक्टिस होते, नंतर समोर शेव-उसळही मिळते.

खारे शिंतोडे मात्र लेन्सवर कोरड्या कपड्याने घासायचे नाहीत, आधी ओलसर कापड, मग कोरडं. आणि ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री नळाखाली उघडून धुवा.