२ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण: या चुका टाळा

या ग्रहणाची खग्रास पट्टी दक्षिण स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया अशी जाते. इजिप्तमधल्या लक्झरजवळ सूर्य ६ मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला राहील. मुंबई-पुण्याकडे ते खंडग्रास आहे, तेही दुपार कलल्यावर. म्हणजे आपल्याकडे डोळ्यांवरचा ग्रहणाचा चष्मा उतरवावा असा एक क्षणही येणार नाही. ‘खग्रास आहे, नुसत्या डोळ्यांनी बघता येतं’ हे लक्झरला खरं, आणि तिथेही फक्त तेवढ्या मिनिटांपुरतं.

परातीत हळदीचं पाणी ठेवून प्रतिबिंब बघण्याची रीत अजून घरोघरी आहे. ती सोडाच. सरळ वरून पाहिलं तरी पाणी सुमारे २ टक्के प्रकाश परत फेकतं, तिरपं पाहिलं तर आणखी जास्त. ग्रहणाच्या चांगल्या चष्म्यातून लाखातले चार भागही पार होत नाहीत. एक्स-रे फिल्म आणि काजळी धरलेली काच यांतून ऊन सौम्य दिसतं, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आत येतात. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा काही तासांनी लक्षात येते.

चष्म्यावर ‘आयएसओ १२३१२-२’ (सूर्य बघण्याच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलंय एवढ्यावर विसंबू नका. घरात घातल्यावर खोलीतलं काही दिसता कामा नये. प्रखर एलईडीसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकला तरी तो चष्मा बाद. नंबरचा चष्मा असेल तर हा त्याच्यावरून लावा. हा लावून दुर्बिणीत मात्र कधीही बघू नका, भिंगाने एकवटलेला प्रकाश फिल्म जाळून डोळ्यात जातो. दुर्बिणीचा फिल्टर सूर्याकडच्या तोंडावरच बसवायचा.

मुलांसाठी सगळ्यात छान म्हणजे स्वयंपाकघरातला झारा. सूर्याकडे पाठ करा आणि झाऱ्याची सावली पांढऱ्या कागदावर पाडा: प्रत्येक भोकातून एकेक कुरतडलेला सूर्य उतरतो. नुसते गोल ठिपके दिसत असतील तर झारा कागदाच्या फार जवळ आहे, दीड मीटर लांब न्या. प्रतिमा अंतराच्या साधारण १०९ व्या भागाइतकी पडते, १ मीटरवर ९ मिलिमीटर. मोठी हवी तर आरशावर ५ मिलिमीटर भोकाचा कागद चिकटवा आणि कवडसा १० मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर टाका. ९ सेंटिमीटरचा सूर्य मिळेल. हातात आरसा थरथरतो, तांदळाच्या वाटीत खोचून ठेवा.

ऑगस्ट म्हणजे भर पाऊस. पातळ ढगाआड सूर्य मवाळ वाटला की लोक चष्मा काढतात आणि तेवढ्यात ढग सरकतो. शक्य असेल तर माण-खटाव, सोलापूरकडच्या पर्जन्यछायेत जा.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. त्याला हा चष्मा घालू नका, चंद्र दिसणारच नाही.