बायबलच्या अधिकारावर बोलताना या चुका टाळा

बायबलच्या अधिकाराचा, म्हणजे त्यातला शब्द कितपत शेवटचा मानायचा याचा, विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते अक्षर न अक्षर देवाचं, विषय संपला, आणि दुसरी म्हणते की कुठल्यातरी रोमन सम्राटाने बसून जुळवलेलं पुस्तक आहे, काय घेऊन बसलात. गंमत म्हणजे दोघांच्या डोक्यातलं बायबल प्रत्यक्ष उघडून वाचलेल्या बायबलशी फारसं जुळत नाही. माझं तर मत असं की यातला निम्मा वाद बायबलच्या अधिकाराचा नसतोच, आपण काढलेल्या अर्थाच्या अधिकाराचा असतो. तुम्ही विश्वासणारे असा, नाहीतर नुसतं कुतूहल म्हणून वाचत असा, खालच्या चुका सगळ्यांकडून होतात.

"बायबल म्हणतं" आणि "मला वाटतं" यांची सरमिसळ

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुलामगिरीवर जो वाद झाला त्यात दोन्ही बाजू बायबल मानणाऱ्याच होत्या. दोघांच्या हातात तेच पुस्तक, दोघांचाही दावा की अधिकार फक्त देवाच्या वचनाचा. एक बाजू बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातलं "दासांनो, आज्ञा पाळा" दाखवायची, दुसरी निर्गम २१:१६ (निर्गम हे पुस्तक, अध्याय २१, वचन १६) काढायची, तिथे तर माणूस पळवून विकणाऱ्याला सरळ मृत्युदंड सांगितलाय. याच प्रश्नावरून बाप्टिस्ट नावाच्या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी (चर्च) फुटली आणि १८४५ मध्ये दक्षिणेतल्यांची सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन ही संघटना वेगळी झाली, आणि त्या भूमिकेबद्दल त्यांनी ठराव करून माफी मागितली ती १९९५ मध्ये. म्हणजे दीडशे वर्षं! या दीडशे वर्षांत बायबलचा अधिकार कोणी नाकारला होता का, तर नाही. चुकला होता तो अर्थ, पण तो अर्थच "देवाचं वचन" म्हणून खपवला जात होता.

त्यातही "हामाचा शाप" नावाचा जो युक्तिवाद होता तो बघा, की नोहाच्या मुलाला शाप मिळाला म्हणून काळ्या लोकांनी गुलाम असावं. उत्पत्ती ९ उघडा. शाप देवाने दिलेलाच नाही, नशा उतरल्यावर नोहाने दिलाय, आणि तो हामाला नाही तर त्याच्या मुलाला, कनानाला. कातडीच्या रंगाचा तर त्यात पत्ताच नाही. पण पिढ्यानपिढ्या लोक हे व्यासपीठावरून ऐकत राहिले आणि अध्याय उघडून बघायचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

मग करायचं काय? वाक्य "बायबल म्हणतं" असं सुरू केलं की लगेच स्वतःला विचारायचं, कुठे म्हणतं, कोणाला म्हणतं, आणि मुळात बोलतंय कोण. हा तिसरा प्रश्न फार कामाचा आहे. कारण बायबलमध्ये छापलेलं प्रत्येक वाक्य बायबलची शिकवण नसते. ईयोबाच्या पुस्तकात संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र अध्यायच्या अध्याय भरून देवाबद्दल बोलतात, बोलणं इतकं धार्मिक की लोक ती वाक्यं आजही ग्रीटिंग कार्डावर टाकतील, आणि शेवटी ४२:७ मध्ये देव स्वतः म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन स्तोत्र ९१ मधलं वचन ऐकवतो. ते वचन अस्सलच आहे, वापर खोटा. येशू त्यावर "ते वचन चुकीचं आहे" असं म्हणत नाही, दुसरं वचन त्याच्या शेजारी ठेवतो. एका वचनाला दुसऱ्या वचनाने तपासायची पद्धत ख्रिस्ती लोकांनी कुठून घेतली असं कोणी विचारलं तर मी हाच प्रसंग दाखवेन.

देवाने डिक्टेशन दिलं असं समजणं

बहुतेक ख्रिस्ती परंपरा बायबल असं मानतच नाहीत. देवाची प्रेरणा म्हणजे लेखकाचा हात धरून लिहवून घेतलं असं नाही, माणूस पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या स्वभावासकट लिहितोय आणि तरी देवाला जे सांगायचंय ते सांगितलं जातंय, असा तो दावा आहे. पटो न पटो, पण टीका करायची असेल तर या दाव्यावर करा.

पुरावा हवा असेल तर करिंथकरांस पहिलं पत्र, पहिला अध्याय. पत्र लिहिणारा प्रेषित पौल वैतागून लिहितो की बरं झालं, मी क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा केला नाही, मग त्याला आठवतं की अरे हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला, आणि पुढे म्हणतो की त्याशिवाय आणखी कोणाचा केला असेल तर लक्षात नाही. हे पवित्र शास्त्रात आहे! लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) सुरुवातीलाच सांगतो की मी सगळ्याचा नीट शोध घेऊन थियफिलासाठी क्रमाने लिहितोय, म्हणजे गडी रीतसर रिसर्च करून बसलाय. रोमकरांस पत्राच्या शेवटी लेखनिक तर्तियस मध्येच स्वतःचा सलाम टाकतो. यिर्मया संदेष्ट्याने बारूख या लेखनिकाला सांगून लिहवलेली गुंडाळी यहोयाकीम राजाने चाकूने कापून शेगडीत जाळली, तेव्हा दुसरी लिहिली गेली आणि तिच्यात आणखी मजकूर वाढवला असं तिथेच नमूद आहे, यिर्मया ३६ मध्ये.

हे सगळं लपवायची काही गरज नाही. जे लोक "माणसाचा हात लागलाच नाही" असं शिकवतात त्यांची मुलं कॉलेजात गेली की पहिल्याच तासाला हादरतात. मुलांना आधीच सांगून ठेवा.

मागचं पुढचं न बघता वचन उचलणं

यिर्मया २९:११, "तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत", परीक्षेला बसणाऱ्यापासून नवीन नोकरीवाल्यापर्यंत सगळ्यांना फॉरवर्ड होतं. हे बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि बरोब्बर आधीच्या ओळीत लिहिलंय की सुटका ७० वर्षांनी. म्हणजे ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता, त्यांना सांगितलं होतं की घरं बांधा, बागा लावा, इथेच राहायचंय. दिलासा आहेच, पण आपण समजतो तसला झटपट नाही. आधीची दहा वाक्यं आणि नंतरची दहा वाक्यं वाचायची एवढी एक सवय लावली तरी पुष्कळ गोंधळ मिटतो.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे "लेवीय मध्ये दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड नको लिहिलंय, मग तुम्ही का घालता?" हा प्रश्न कोणी टाकला की गडबडून जाणं. उत्तर प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये आहे. यहुदी नसलेल्यांनी मोशेचं नियमशास्त्र पाळायचं का यावर यरुशलेमेत मोठी चर्चा झाली, पेत्राने आपला अनुभव सांगितला, याकोबाने संदेष्ट्यांचं वचन लावून दाखवलं, आणि सुंतेची, म्हणजे ते नियमशास्त्र स्वीकारल्याच्या खुणेची, सक्ती नको असं ठरलं. आपल्याला हवे ते नियम ठेवले आणि नको ते सोडले असा आरोप होतो, आणि काही लोकांवर तो खरा पण आहे, पण निदान वाद कुठे सुटला ती जागा माहीत असावी.

"पुस्तकांची यादी निकैयात ठरली"

नाही ठरली. इ.स. ३२५ ची निकैयाची परिषद, म्हणजे बिशपांची मोठी सभा, एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीवर होती, येशू देवाशी एकरूप आहे की निर्माण केलेला आहे यावर, शिवाय ईस्टरच्या तारखेवर. पुस्तकांचं मतदान वगैरे तिथे काही झाल्याची नोंद नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने पुढे युसेबियस या बिशपकडून शास्त्राच्या ५० प्रती बनवून मागवल्या हे खरंय, पण प्रती मागवणं वेगळं आणि यादी ठरवणं वेगळं. आज नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, जी २७ पुस्तकं आहेत नेमकी तीच यादी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती अथनेशियस या बिशपच्या ३६७ च्या पत्रात. चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं त्याच्या बऱ्याच आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती, वाद होता तो इब्रीकरांस पत्र, याकोब, दुसरं पेत्र, यहूदा, प्रकटीकरण अशा काठावरच्या पुस्तकांवर.

आणि आजही सगळ्या ख्रिस्ती लोकांचं बायबल सारखं नाही. प्रोटेस्टंट ६६ पुस्तकं, कॅथलिक ७३, इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्च ८१ मोजतं. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४६ मध्ये आपली यादी पक्की केली. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरला याकोबाचं पत्र फारसं आवडायचं नाही, त्याने ते आणखी तीन पुस्तकांसोबत नव्या कराराच्या शेवटी ढकललं, पण बाहेर मात्र काढलं नाही.

"बायबल बदललंय" आणि "एक काना बदलला नाही", दोन्ही चूक

मूळ लेखकांच्या हातची एकही प्रत शिल्लक नाही. ज्या आहेत त्या प्रतींच्या प्रती, नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांचीच संख्या ५,००० च्या वर जाते, आणि त्यांच्यात फरक आहेत, बहुतेक स्पेलिंगचे नाहीतर शब्द मागेपुढे झाल्याचे. काही मोठेही आहेत. मार्क १६:९-२० आणि योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, या दोन्ही चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या जुन्या हस्तलिखितांत नाहीत. आता मार्कच्या याच शेवटात साप हातात धरण्याचा उल्लेख आहे, आणि त्यावरून अमेरिकेत अपालाचियाच्या डोंगराळ भागातल्या काही मंडळ्या उपासनेत विषारी साप धरतात, त्यात माणसं मेलेली आहेत. छापील बायबलमधली तळटीप वाचायची असते ती यासाठी!

उलट बाजूने, १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये जे सापडलं त्यातली यशयाची गुंडाळी तोपर्यंत माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा जवळपास हजार वर्षं जुनी निघाली, आणि मजकूर बहुतांशी तोच. तेव्हा कोणी "सगळं बदलून टाकलंय" म्हणालं तर शांतपणे विचारा, कोणती ओळ? कुठे काय फरक आहे हे आज छापून उपलब्ध आहे, यात गुपित असं काही नाही.

विसंगती दिसली की घाबरणं

येशूने मंदिरातल्या सराफांना हाकलल्याचा प्रसंग योहान आपल्या शुभवर्तमानात सुरुवातीला सांगतो, बाकी तिन्ही शुभवर्तमानांचे लेखक येशूच्या शेवटच्या आठवड्यात. लोक लगेच म्हणतात दोनदा झालं असेल. असेलही, पण आधी हे तर बघा की योहानाला तो प्रसंग सुरुवातीलाच का हवाय. राजे पहिलं, ७:२३ मध्ये मंदिरातल्या गोल गंगाळाचा व्यास १० हात आणि घेर ३० हात दिलाय, त्यावर गणितवाले हसतात, कारण घेर ३१ हातांच्या वर यायला हवा. पण बायबलमध्ये चूक नाही असं ठासून सांगणारं १९७८ चं शिकागो स्टेटमेंट सुद्धा स्पष्ट म्हणतं की ठोकळ आकड्यांना चूक धरू नका, आणि त्यांचा दावा मूळ लेखनापुरता आहे, प्रत्येक प्रतीपुरता नाही. कॅथलिक चर्चचं १९६५ चं देई व्हर्बुम हे दस्तऐवज म्हणतं की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचं होतं ते शास्त्र न चुकता शिकवतं. या दोन भूमिकांत फरक आहे, पण वादात उतरणाऱ्या बऱ्याच जणांनी दोन्हीपैकी काहीच वाचलेलं नसतं.

"फक्त शास्त्र" या लूथरच्या काळातल्या घोषणेचंही असंच. तिचा अर्थ शेवटचा निवाडा शास्त्राचा, बाकी पुस्तकं, परंपरा, शिक्षक फेकून द्या असा नव्हे. वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब नावाचा कट्टर प्रोटेस्टंट विश्वासाचा जाहीरनामा पण मान्य करतो की शास्त्रातल्या सगळ्या गोष्टी सारख्याच सोप्या नाहीत. एकट्याने खोलीत बसून जो अर्थ सुचला तोच पवित्र आत्म्याचा, हे मात्र कोणत्याही जुन्या परंपरेत बसत नाही.

न मानणाऱ्यावर वचनांचा मारा

"बायबल खरं आहे कारण बायबलच तसं सांगतं" हे वर्तुळ आहे आणि समोरच्याला ते लगेच दिसतं. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन म्हणायचा की शास्त्रावरची खात्री शेवटी पवित्र आत्मा आतून देतो. मग ती वादात जिंकून कोणाला कशी देणार? पुष्कळ जणांच्या बाबतीत विश्वास आधी ख्रिस्तावर बसतो आणि पुस्तकावरचा त्याच्या मागून येतो, योहान ५:३९ मध्ये येशू शास्त्र शोधणाऱ्यांना तेच म्हणतो, की ही माझ्याविषयी साक्ष देतात.

पौलाचं बघा. सभास्थानात यहुद्यांसमोर तो शास्त्रातून वाद घालतो कारण ते त्यांना आधीच मान्य आहे. अथेन्समध्ये अरीयपग या टेकडीवर यहुदी नसलेल्यांसमोर उभा राहिल्यावर मोशे नाही, संदेष्टे नाहीत, त्यांच्याच वेदीबद्दल बोलतो आणि त्यांच्याच कवीची ओळ घेतो. तरी काहींनी टिंगल केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. तेव्हा पुढच्या वेळी वचन काढायच्या आधी समोरच्याला सरळ विचारा की बाबा, तू हे पुस्तक मानतोस का, आणि मानत असशील तर कुठपर्यंत? उत्तर "नाही" असं आलं तर पुस्तक थोडा वेळ बाजूला राहू द्या आणि तो काय विचारतोय ते ऐका.